आधी काचेला लागू दे

"नोएलिया म्हणते, काचेला घाबरायचं नाही," बुटांच्या नाड्या बांधता बांधता फर्मिन म्हणाला. "चेंडू मागं गेला तर जाऊ द्यायचा. आधी काचेला लागू द्यायचा."

कासिल्दा पावावर लावायला टोमॅटो किसत होती. तिचा हात थांबला. तीन वर्षं झाली, नवरा दर गुरुवारी संध्याकाळी पाडेल, म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत खेळायचं टेनिस, खेळायला जात होता आणि तीन वर्षं या घरात नोएलियाचं नाव मिठासारखं जेवणात पडत होतं. नोएलिया म्हणजे क्लबात खेळ शिकवणारी. क्लबाच्या फाटकावर तिचा भलामोठा फोटो होता. उंच बांधलेले केस, उघडे दंड आणि दातांच्या जाहिरातीत शोभेल असं हसू.

"आणखी काय काय म्हणते ती?"

"काय म्हणणार? खेळाचंच."

तो गेला. परतला तेव्हा केस ओले होते आणि अंगाला साबणाचा वास होता. क्लबातच आंघोळ उरकून यायची त्याची पद्धत. बूट दाराजवळ नीट लावून ठेवले. तीन वर्षांत त्या बुटांना साधा डागही पडला नव्हता. वस्तू जपावी तर फर्मिननं. एवढं यानं मला जपलं असतं तर, असं कासिल्दाच्या मनात आलं आणि तिला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी ती एन्कार्नाकडे गेली. एन्कार्ना शाळेपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. तिच्या घरात शिरायचं म्हणजे दारात बूट काढायचे आणि तिनं मांडून ठेवलेल्या कापडी सपाता घालायच्या. फरशीला ती दर आठवड्याला मेण लावायची. फर्मिनचं तिच्याशी बिनसलं ते यावरूनच. "सपाता घालून कॉफी प्यायला मी काय दवाखान्यात आलोय? त्या बयेचा उंबरा पुन्हा चढणार नाही," असं तो म्हणाला, त्यालाही आता तीन-चार वर्षं होत आली होती.

"तरण्या मास्तरणी असतातच तसल्या," एन्कार्ना म्हणाली. "फोटोतच दिसतंय की सगळं."

"मग मीही जाते शिकायला. बघतेच तिला."

"काही नको! या वयात पाय मुरगळून बसशील. झाकली मूठ सव्वा लाखाची, कासिल्दा. राहू दे झाकलेली."

पण जळणाऱ्या माणसाची मूठ झाकून राहत नाही. मंगळवारी कासिल्दा क्लबात हजर झाली. नाव सांगितलं ते आपलंच, बापाच्या आडनावासकट. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव इथं मालागात कुठली बाई लावते? त्यामुळं ही कोणाची कोण, हे कळायला मार्ग नव्हता.

नोएलिया फोटोपेक्षा देखणी निघाली. कासिल्दाला तेवढ्यानंच निम्मी हरल्यासारखं वाटलं.

"बॅटची दोरी मनगटात अडकव," नोएलिया म्हणाली. "नाहीतर बॅट उडून एखाद्याचं नाक फुटायचं."

कोणाचं नाक फुटावं, हे कासिल्दानं मनात पक्कं केलं होतं.

पहिल्याच चेंडूवर ती धावत सुटली आणि वाऱ्याला फटका मारून आली. बाकीचे तिघे नवशिके हसले. दुसरा चेंडू तिनं असा हाणला की तो भिंतीवरून पलीकडच्या संत्र्याच्या झाडांत गेला.

"जोर आहे गं तुझ्यात! पण राणी, घाई कसली? सुटला तर सुटू दे. आधी काचेला लागू दे."

तेच शब्द. तिच्या स्वयंपाकघरात म्हटलेले. कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोएलियाच्या बोटात अंगठी होती. म्हणजे लग्न झालेली, आणि तरीही!

मात्र तास संपता संपता एक चेंडू तिच्या बाजूनं मागं गेला आणि कासिल्दा थांबली. चेंडू काचेवर आपटून हळूच पुढ्यात आला. तिनं नुसती बॅट लावली. तो जाळ्यापलीकडे जाऊन अलगद पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोएलियानं सगळ्यात जास्त. कासिल्दाला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला.

जाताना नोएलियानं बाकावर बसून आपले बूट उलटे करून आपटले.

"आमच्याकडे बूट रोज झाडावे लागतात. मैदानावरच्या या हिरव्या गालिचावर वाळू पसरलेली असते ना. घरभर होते. माझी बायको म्हणते, एक तर ही वाळू राहील, नाहीतर मी."

"तुझी... बायको?"

"ती बघ, आलीच."

फाटकापाशी एक ठेंगणी बाई कडेवर मूल घेऊन हात हलवत होती. मूल नोएलियाकडे झेप घ्यायला बघत होतं.

कासिल्दा हसली. मग पोट धरून हसली. बाकीच्यांना वाटलं, बाईला खेळ चढला. बिचारा फर्मिन! साध्या माणसाला आपण तीन वर्षं मनातल्या मनात सुळावर चढवत होतो. आज त्याच्यासाठी मासे तळायचे, असं ठरवून ती निघाली. पण बातमी पोटात राहीना, म्हणून वाटेत एन्कार्नाच्या दारात थांबली.

"अगं ऐक तर!" उंबऱ्याच्या आतच उभी राहून तिनं बूट काढले. "नोएलियाला बायको आहे! बायको, आणि तान्हं पोर! मी मूर्ख, उगाच त्याच्यावर संशय घेत होते."

"म्हटलं नव्हतं मी, जाऊ नकोस म्हणून?" एन्कार्नाही मोकळं हसली. तिनं मैत्रिणीला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. मग तिचं लक्ष खाली गेलं. कलंडलेल्या बुटांतून चकचकीत फरशीवर वाळूचा लहानसा ढीग पडला होता.

"अगं बाई, कालच मेण लावलंय मी!" केरसुणी आणायला वळत एन्कार्ना कुरकुरली. "एवढी वाळू? फर्मिनच्या बुटांतून तर इथं कधी कणभरसुद्धा पडली नाही."