अक्रोडाखालचा तुकडा

"काकी, तेवढा तुकडा सोड, म्हणजे रस्ता आलाच समज," गावचा प्रधान चेतराम पुन्हा एकदा म्हणाला.

देवकूकाकी आपल्या ओसरीवर बसली होती. तिच्या मांडीवर चेतरामचा नातू होता आणि तिच्या कानातली चांदीची बाळी ओढण्यात तो अगदी गुंग झाला होता.

रस्त्याला पैसा सरकारचा, जमीन मात्र गावाने फुकट द्यायची, असा नियम. बाकीच्यांनी आपापल्या पट्ट्या देऊ केल्या होत्या. मधोमध अडला होता तो काकीचा अक्रोडाखालचा तुकडा. दिवाळीच्या आत सगळी जमीन मिळाली नाही, तर पैसा पलीकडच्या डोंगरावर जाणार आणि शिल्हधार गावची सफरचंदं माणसांच्या पाठीवरूनच उतरणार, निम्मी ठेचून.

त्या तुकड्यात काकीने यंदा राजमाही पेरला नव्हता. लोक म्हणाले, वय झालं. चैत्रात डोळे दाखवायला ती एकटीच खाली कुल्लूला गेली होती, पण डॉक्टर भेटला नाही म्हणून तशीच परतली.

"छप्पर गळतंय माझं," काकी अखेर बोलली. "आधी ते बघ. रस्त्याचं मग."

"उद्याच माणसं पाठवतो."

"माणसं नकोत. तू ये. आणि हिरालालला आण."

चेतरामचा चेहरा उतरला. हिरालाल त्याचा सख्खा भाऊ. अंगणात भिंत घातल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. एकमेकांच्या बकऱ्यांनाही ते हाकलून लावत.

"तो नाही यायचा."

"मग रस्ताही नाही यायचा."

नातवाला उचलून घेत चेतरामची सून लता हळूच म्हणाली, "पिताजी, सगळ्या गावाला हात जोडून झाले. आता भिंतीवरून एक हाक मारायची तेवढी राहिली."

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ काकीच्या छपरावर होते. सकाळभर चेतराम छपराची दगडी पाटी पुढे करी, हिरालाल ती बसवी. 

"तिरकी बसतेय," शेवटी चेतरामला राहवलं नाही.

"तिरकं तुझं डोकं."

"आईवर गेलंय ते."

"आईला मध्ये आणू नकोस. तिला तुझ्यापेक्षा कमी ऐकू यायचं, तरी ती जास्त ऐकायची!"

चेतराम असा काही हसला, की हातातली पाटी सुटता सुटता वाचली. मग हिरालालही हसला. खाली लता आणि हिरालालची बायको अक्रोडाचं सारण भरलेले कणकेचे सिड्डू वाफवत होत्या. तूप कमी पडलं. ते भिंतीपलीकडच्या, हिरालालच्या घरून आलं.

आठवड्याने इंजिनिअर मोजणीला आला. काकी पोराला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. दोन्ही भाऊ हात जोडून पुढे झाले.

"साहेब, एवढाच तुकडा राहिलाय," चेतराम म्हणाला. "काकी आज हो म्हणेल. जरा तुम्हीही सांगा."

इंजिनिअर बुचकळ्यात पडला. "हा? अहो, हा तर सगळ्यात आधी मिळालाय. चैत्रात या स्वतःच देऊन गेल्या. गावाला रस्ता हवा, हेही आम्हाला यांनीच पहिल्यांदा सांगितलं."

काकीने पोराच्या मुठीतून आपली बाळी सोडवली आणि इंजिनिअरकडे रागाने पाहिलं.

"एवढी घाई कसली होती रे तुला? अजून ती अंगणातली भिंत पडायची होती."