टांझानाइटची अंगठी

"खडा बदललात तुम्ही! साखरपुड्याला आम्ही निळा घातला होता, हा जांभळा कुठून आला?" ताईची होणारी सासू आमच्या घाटकोपरच्या खोलीत उभी राहून आईवर ओरडत होती. माझं डोकंच सटकलं. चोर म्हणते आम्हाला? ताईच्या बोटातली अंगठी खेचली आणि पिवळ्या बल्बखालून नेऊन गॅलरीतल्या उन्हात धरली. आयला, खडा एकदम निळाशार!

"अगंबाई, उजेडाचा खेळ होय!" सासू हसायला लागली.

तिच्याबरोबर आलेला नवरा मुलगा नितेश म्हणाला, "टांझानाइटचा खडा असाच असतो, उन्हात निळा, बल्बखाली जांभळा. दुकानदाराने सांगितलेलं मला."

"मग इतका वेळ गप्प का बसलास रे?" ताईने विचारलं.

"आई चिडली होती ना."

ताईने अंगठी त्याच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाली, "जा, लग्नाचा हॉल कॅन्सल करून ये."

निघतोय मी, हॉलवाला दुपारी शटर ओढतो.