आयोनाचा वाण

लॅसेल्सने गांजाच्या झाडाच्या बुंध्यात दुसरा खिळा ठोकला आणि मागे वळून पाहिलं. मेव्हणी कुंपणापाशी उभी होती.

"दाजी, सुळावर चढवताय की काय त्याला?"

"झाडाला छळलं की डिंक वाढतो, मर्लीन. गांजाला जोर चढतो. सगळा डोंगर हेच सांगतो."

"डोंगराला काय जातंय सांगायला! महिनाभर घोटभर पाण्यावर ठेवलंय बिचाऱ्याला. अति तिथे माती होईल, सांगून ठेवते."

बहीण आयोना, म्हणजे लॅसेल्सची बायको, गेल्यापासून मर्लीन रोज सकाळी भाजलेला निरफणस आणायची, सोबत दोन टोमणेही. लॅसेल्सने तिसरा खिळा उचलला. शनिवारी किनाऱ्यावर निग्रीलला गांजाची स्पर्धा होती. याच वाणावर आयोना तिथे तीनदा जिंकली होती. बी धरलं की गांजाचा जोर जातो, म्हणून नर झाड दिसलं रे दिसलं की उपटायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्याने इतके नर उपटले की नवं बी धरलंच नाही, आणि आयोनाने तंबाखूच्या डबीत जपलेल्या बियांतलं शेवटी एकच उरलं. तेच हे झाड. फांद्या लावून पाहिल्या, एकही धरली नाही. ही कापणी झाली की वाण संपला. निदान शेवटचा गांजा तिच्या तोडीचा निघावा, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. रोज भिंग लावून तो शेंड्यावरचे डिंकाचे थेंब न्याहाळायचा. झोप उडाली होती.

शुक्रवारी त्याने पहिली फांदी कापली. फुलोरा बोटांनी उकलला. आत वाळलेल्या पिवळ्या नरफुलांचा चुरा होता. छळाला कंटाळून या मादी झाडानेच स्वतःवर नरफुलं फुलवली होती. त्याने दाबलं तसं टपोरं, तपकिरी बी तळहातावर पडलं. मग दुसरं. फांदीभर बी.

"नाव बुडवलं मी आयोनाचं," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. अख्खी फांदी बकऱ्यांपुढे टाकायला त्याने हात उचलला.

मर्लीनने मनगट धरलं. "दाजी, या खोऱ्यात नर झाड आहे कुठे?"

"एकही नाही. मीच उपटलेत सगळे."

"मग हे बी कुणाचं?"

लॅसेल्सने तळहातावरचं बी पाहिलं. "याच झाडाचं. आईबाप दोन्ही हेच, म्हणजे आयोनाचाच वाण," तो म्हणाला. मग त्याने खिशातून आयोनाची रिकामी डबी काढली. एका हातात बी, दुसऱ्यात डबी, त्यामुळे झाकण शेवटी मर्लीनलाच उघडावं लागलं.