मामंजींचं पुस्तक

“वाच, सूनबाई. घसा धरला तर काय करावं म्हणतोय साहेब?” मामंजींनी औषधोपचाराचं जाडजूड इंग्रजी पुस्तक केसरच्या पुढ्यात सरकवलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

सासूबाईंच्या मांडीवर केसरचा तीन वर्षांचा सदा पडला होता. दर श्वासाला त्याच्या गळ्याची खळी आत ओढली जाई आणि करवत चालल्यासारखा आवाज येई. केसरनं सकाळीच चमच्याच्या दांड्यानं त्याची जीभ दाबून पाहिली होती. घशात करडा पापुद्रा. घटसर्प. कॉलेजात असताना मैत्रिणीचा भाऊ विष उतरवणारी लस टोचल्यावर यातूनच उठलेला तिनं पाहिला होता. अलिबागला लस असेल. असावी. पण अलिबागचं नाव काढलं की मामंजींचं एकच उत्तर, “पुस्तक आहे ना घरात.” अर्धं चौल त्या पुस्तकाच्या शब्दावर औषध घेई. नवरा मुंबईला. तिचा शब्द कोण धरणार?

पान सापडलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा लंडनचा छापा. शब्दाच्या पोटातला एस एफसारखा दिसे, ‘फिजिक’च्या शेपटाला एक फाजील के. नवी नवरी असताना ती त्याला हसली होती, तर मामंजी म्हणाले होते, “तेव्हाच्या साहेबाचा हात सढळ होता गं.” आज तीच अक्षरं ती जीव मुठीत धरून लावत होती. मुलाच्या गळ्याला जळवा लावाव्यात. रक्त पुरेसं न निघाल्यास शीर तोडावी. वर पारा द्यावा.

तिनं पानावरून नजर उचलून सदाकडे पाहिलं.

“काय म्हणतोय?”

“म्हणतो...” तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणतो, घरी काही करू नये. वेळ न दवडता दवाखान्यात न्यावं.”

 मामंजींनी हात पुढे करून पान चाचपलं, जशी काही अक्षरं बोटांना लागणार होती. आता चोरी पकडली, तिला वाटलं.

“असंच छापलंय?”

“असंच.”

“मग बसलात काय? रघू गड्याला म्हणावं, बैल जुंप.”

अलिबागच्या वाटेवर नागावच्या वाड्यांमधून दमणी गाडी धावत होती. बैलांच्या घुंगरांतून केसर पोराचा श्वास तेवढा ऐकत होती. तिथे लस नसली तर? वाटेतच काही झालं तर? मग त्या खोट्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर? तिला ते एकटीला पेलवेना.

“सासूबाई, पुस्तकात तसं नव्हतं.”

“ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे.” सासूबाईंनी नातवाच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. “तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगा होता. त्याचा घसा असाच धरला, तेव्हा त्यांनी होतं तसंच वाचलं.”