घरून आणलेली सही

"बायकोची सही घरून आणलीय ना! तिला यातलं काय कळतंय?" कारखानदार हेबाळकरांनी कर्जाचे कागद टेबलावर आपटले.

"गहाण पडणारं घर त्यांचं आहे. त्यांनी माझ्यासमोर वाचूनच सही करायची," बँकेतल्या कुमुदताई म्हणाल्या.

"कारकुनी डोकं!" हेबाळकर मॅनेजरकडे बघून हसले. मॅनेजरही हसला.

पण कुमुदताई हटल्या नाहीत, तेव्हा दुपारी नाइलाजानं हेबाळकरांनी बायकोला आणलं. आधीच्या सहीखाली बोट ठेवून म्हणाले, "इथं कर." सरोजिनीबाईंनी ते बोट बाजूला सारलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"आईनं माझ्या नावावर केलेलं घर गहाण टाकताय? आणि ही सही कुणी केली?"

"अगं, घाई होती…"

चपलेला लागलेल्या घाणीकडे बघावं तसं त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग कुमुदताईंना विचारलं, "ही सही माझी नाही, असं कुठं लिहून द्यायचं?"