पहिला हात

मोरीत तांब्या बादलीवर आपटला. चर्चमधून आल्यापासून रोझी तिथंच होती.

गेल्या आठवड्यात ब्रिजिता अक्का स्वतः शिवाजीनगरच्या आमच्या खोलीवर आल्या होत्या. "रोममध्ये धर्मगुरूंनी ठरवलंय, आणि आता आपल्या चर्चच्या सभेतही ठरलंय. तुम्ही मागं, आम्ही पुढं, हे जातीचं बसणं बंद. रविवारी माझ्या शेजारी बसायचं. आणि मिस्सेच्या नव्या प्रार्थनेत शांतीच्या वेळी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा असतो. पहिला हात तुझ्या रोझीचा, ठरलं ना?"

कॉफी मात्र त्यांनी घेतली नाही. आत्ताच झाली म्हणाल्या. मला खरंच वाटलं.

आज त्यांनी आम्हाला शेजारी बसवलंही. शांतीची वेळ आली तशी रोझीनं हात पुढे केला. अक्कांनी गोड हसून तिला लांबूनच नमस्कार केला, आणि मागे वळून त्यांच्याच जातीच्या डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

मी मोरीपाशी गेले. माझी रोझी साबणानं हात घासत बसली होती. इवलीशी बोटं लाल झाली होती.

"आई," ओले हात माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "आता घेतील का गं अक्का?"