सगळे परत आले

लिनेटने शेवटचं वाक्य वाचलं आणि कादंबरीचा नववा, शेवटचा खंड मिटून मांडीवर ठेवला. पलंगावर क्लॅरी डोळे मिटून हसत होता. नाकातल्या नळीमुळे हसू एका बाजूला सरकल्यासारखं दिसत होतं.

"आले सगळे," तो म्हणाला. "मी सांगत नव्हतो, डेस? तिसऱ्या खंडापासून सांगतोय."

डेस त्याचा जुना खलाशी. शेवंडं पकडायच्या बोटीवर त्याची उमर क्लॅरीच्या हाताखाली गेली होती. इस्पितळाच्या खुर्चीत तो मावत नव्हता.

"सांगत होतास खरा. मी तर त्या कप्तानाला कधीच पुरून मोकळा झालो होतो."

"कुत्रासुद्धा वाचला, बाबा," लिनेट म्हणाली.

"कुत्रासुद्धा," क्लॅरी समाधानानं म्हणाला.

तिनं ते कौतुकानं म्हटलं नव्हतं. ती मेलबर्नला कादंबऱ्या शिकवायची. आठवड्याच्या फोनवर बापलेकीचं हवापाणी एका मिनिटात उरकायचं आणि मग पुस्तकांवरून भांडण सुरू व्हायचं. आताही ती त्याच सवयीनं पुढे सरकून बसली.

"नऊ खंड वादळं, राक्षस, तो धुक्याचा समुद्र. आणि शेवटी अख्खी बोट सुखरूप धक्क्याला? लिहिणाऱ्या बाईनं ऐनवेळी कच खाल्ली."

"ती कशी?"

"कोणीतरी जायला हवं होतं. निदान त्या म्हाताऱ्या कप्तानानं तरी. एकही मरण नाही, मग एवढ्या मोठ्या गोष्टीला वजन कशानं येणार? हा शेवट पोरकट आहे, बाबा. पोरांना झोपवायला ठीक."

डेस आपल्या बुटांकडे बघत राहिला. नळीला जोडलेल्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. आपण काय बोललो आणि कुठे बसून बोललो, ते लिनेटला आता ऐकू आलं. तिचे कान तापले.

"मी पुस्तकाबद्दल म्हणत होते."

"कळलं गं," क्लॅरीनं डोळे उघडले. "मरायचं काम इथे मी बघतोय. त्याला जाऊ दे घरी."

डेस जरा जास्तच मोठ्यानं हसला आणि मग खोकत बसला.

"घरी येणं म्हणजे तुला काहीच घडलं नाही असं वाटतं," क्लॅरी म्हणाला. दोन वाक्यांमध्ये तो दम घेत होता. "खाडीच्या तोंडाशी तो वाळूचा दांडा. त्यावर लाटा फुटायला लागल्या की काय व्हायचं, ते ह्याला विचार."

"दर वेळी मी देवाला सांगायचो, आज आत ने, सिगारेट सोडतो," डेस म्हणाला.

"आणि धक्क्याला दोर बांधायच्या आधी पेटवायचास."

"देवाला काय घाई होती?"

क्लॅरी हसला. मग लिनेटकडे वळला. "शेवटची बोट आत आल्याशिवाय धक्क्यावरून कोणी हलायचं नाही. ज्यांचे आधीच आलेत तेसुद्धा. तुझी आई पावसात उभी असायची. आणि तू गाडीत, दिवा लावून."

"त्या दिव्यापायी बॅटरी उतरायची," डेस म्हणाला. "आम्ही ओलेचिंब, बोटीवरनं उतरतोय तोवर तुझ्या आईची हाक. चला, गाडी ढकला."

"उतरू दे म्हणायचो मी. बंदराचे दिवे होतेच वाट दाखवायला. पण मी तुझा दिवा शोधायचो. बाहेरनं माणसं दिसायची नाहीत, धक्का दिसायचा नाही. तो एवढासा पिवळा ठिपका दिसला की म्हणायचो, पोर वाट बघतेय. चल, घाल आत." तो थांबला. "तो शेवट मला तरी कधी पोरकट वाटला नाही."

लिनेटनं मान खाली घातली.

तो दिवा वाचायला लावलेला असायचा. काचा वर चढवलेल्या असायच्या, म्हणजे वाऱ्याचा आवाज येत नसे आणि माणसांचाही. बोट आत आली की आई काचेवर टकटक करायची. लिनेट तिच्याकडे न बघता हाताचं एक बोट वर करायची. एवढं पान संपू दे.

"वाट बघायचीस, हो ना?" क्लॅरीनं विचारलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.

त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता. तिला तो झटकून टाकावासा वाटला, आणि तो तसाच राहावा असंही वाटलं. डेस खिडकीबाहेर बघत होता. त्या पुस्तकांचं त्याला ठाऊक असेल का? गाडी ढकलताना तो मागच्या काचेशीच असायचा. तिनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"शेवटचं प्रकरण परत वाच," क्लॅरी म्हणाला. "मघाशी घाईत उरकलंस. नावडतं असलं की तू पळतेस."

तिनं पान शोधलं. घसा साफ केला. पहिलं वाक्य अर्धंच वाचून झालं होतं, तेवढ्यात शेजारच्या पलंगाचा पडदा हलला. पलीकडचा म्हातारा सकाळपासून झोपलाय अशी सगळ्यांची समजूत होती.

"जरा मोठ्यानं वाच, पोरी," पलीकडून आवाज आला. "आणि मध्ये तुझं मत नको."

लिनेटनं आवाज चढवला. एकेक ओळ वाचून ती मान वर करायची, बापाच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि खाली पाहीपर्यंत पुढची ओळ हरवलेली असायची.